मानसशास्त्राची ब्रँच कुठली?

आपल्या कॉलेजमध्ये नव्या माणसाला नाव विचारायच्या आधी ब्रँच विचारतात. "कॉम्प का? सिव्हिल? अच्छा, मेक!" आणि उत्तर मिळालं की विचारणाऱ्याला वाटतं, चला, हा माणूस कळला. मी इन्स्ट्रुमेंटेशनची, त्यामुळे मला "म्हणजे तुम्ही नेमकं काय करता?" हा जोडप्रश्नही येतो. या सेमला मी ओपन इलेक्टिव्ह म्हणून मानसशास्त्र घेतलं, तेव्हा मात्र होस्टेलवर कोणीच ब्रँच विचारली नाही. तिथे सगळ्यांकडे दोनच वाक्यं तयार होती. एक, "सांग बघू, आत्ता माझ्या मनात काय चाललंय?" आणि दुसरं, "म्हणजे तू आता ठाण्याला जाणार!" (ठाणे म्हणजे तिथलं मनोरुग्णालय, हे सांगायला नको. पुण्याकडच्या मुली ठाण्याऐवजी येरवडा म्हणतात आणि विदर्भातल्या नागपूर. रत्नागिरी धरून राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, आणि चारही आपल्या बोलण्यात फक्त विनोदापुरतीच येतात.)

मानसशास्त्र म्हणजे मनकवडेपणा नव्हे आणि फक्त वेड्यांचं औषधही नव्हे. माणसाचं मन आणि वर्तन यांचा शास्त्रीय पद्धतीने केलेला अभ्यास, अशी त्याची साधी व्याख्या. पण "इंजिनिअरिंग म्हणजे काय?" या प्रश्नाला जसं एका वाक्यात उत्तर देऊन भागत नाही, तसंच इथेही आहे. ट्रान्सफॉर्मर जळाला तर आपण सिव्हिलच्या सरांना बोलावत नाही. मनाच्या बाबतीत मात्र आपण अगदी हेच करतो, आणि त्याची किंमत मोजावी लागते. ती कशी, ते पुढे येईलच. आधी ब्रँचेसची ओळख करून घेऊ.

एक छोटी सूचना. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं, त्यामुळे यातले मराठी शब्द मी विश्वकोशातून आणि सीनियर कॉलेजच्या पुस्तकांतून गोळा केलेत. काही फार आवडले (समुपदेशन!), काही दातात अडकले (अपसामान्य मानसशास्त्र!). जिथे अडकले तिथे मी आपली नेहमीची होस्टेलची भाषा वापरली आहे.

हे शास्त्र सुरू झालं तेच मुळी एका लॅबमध्ये. जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा काढली असं मानतात. तिथे सोफ्यावर झोपवून स्वप्नं विचारत नव्हते, तर चक्क वेळ मोजत होते! दिवा लागला की बटण दाबायचं, आणि मधला वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजणाऱ्या क्रोनोस्कोपवर वाचायचा. त्याआधी १८५० मध्ये हेल्महोल्ट्झने (हो, आपल्या फिजिक्समधलाच) बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजलं होतं. उत्तर निघालं सेकंदाला साधारण २५ ते ३० मीटर. म्हणजे विचार विजेच्या वेगाने धावतो ही समजूत तेव्हाच मोडीत निघाली. इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनी कॉलर ताठ करावी अशी ही सुरुवात आहे. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये नरेंद्रनाथ सेनगुप्तांनी प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू केला. तेही इंग्लंड-अमेरिकेच्या मानाने फार उशिरा नाही.

या प्रायोगिक शाखेतूनच पुढे कॉग्निटिव्ह सायकॉलॉजी आली, मराठीत बोधनिक मानसशास्त्र. लक्ष कसं लागतं, आठवण कशी राहते, निर्णय कसा होतो, भाषा कशी समजते, हा तिचा प्रांत. आपल्या दृष्टीने पी.एल.मध्ये सगळ्यात कामाला येणारी ब्रँच ही! एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःलाच गिनिपिग केलं. सुमारे २३०० निरर्थक अक्षरगट बनवले, त्यांच्या याद्या पाठ केल्या आणि ठराविक वेळाने पुन्हा पाठ करायला किती मेहनत वाचते ते मोजलं. १८८५ मध्ये आकडे छापले. वीस मिनिटांनी ५८ टक्के मेहनत वाचायची, तासाने ४४, एक दिवसाने ३४ आणि महिन्याने २१. म्हणजे विसरण्याचा मोठा घसरगुंडीचा भाग पहिल्या दिवशीच उरकतो, नंतर उतार सपाट होतो. अर्थ असलेला मजकूर इतक्या झपाट्याने जात नाही. (आपल्याला काही डेरिव्हेशन्ससुद्धा निरर्थकच वाटतात, ही गोष्ट वेगळी!)

यावर उपाय म्हणून आपण काय करतो? झेरॉक्स काढलेल्या नोट्स तिसऱ्यांदा वाचतो, पिवळा मार्कर फिरवतो, आणि ओळखीच्या ओळी दिसल्या की "झालं माझं" म्हणतो. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. उतारा वाचून झाल्यावर एका गटाने तो पुन्हा वाचला. दुसऱ्याने कागद उलटा ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. पण आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणारे ४२ वर आले आणि लिहून पाहणारे ५६ वर राहिले. आपल्या आदल्या रात्रीच्या नाइट मारण्याची जादू आणि पुढच्या सेमला कोरी पाटी, दोन्हींचा हिशोब या चार आकड्यांत आहे. मी तरी आता पुस्तक मिटून जुन्या पेपरवर बसते. फार कंटाळवाणं असतं, पण ते कंटाळवाणं असतं म्हणूनच उपयोगी पडतं असं आमच्या मॅडम म्हणाल्या.

आठवण डोक्यात नेमकी कुठे राहते, हा प्रश्न मात्र शेजारच्या ब्रँचचा आहे. जैव मानसशास्त्र किंवा न्यूरोसायकॉलॉजी. इथे एका पेशंटची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हेन्री मोलायसन हे त्याचं नाव, पण २००८ मध्ये तो वारला तोपर्यंत जगाला तो फक्त "एच. एम." म्हणून माहीत होता. फिट्स फार यायच्या म्हणून १९५३ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला काही भाग काढून टाकला. फिट्स कमी झाल्या, पण त्या दिवसानंतर नवी आठवण तयारच होईना! डॉक्टर खोलीबाहेर जाऊन परत आले की त्यांची नव्याने ओळख. ब्रेंडा मिल्नर या संशोधक बाईंनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला लावली. हे काम भलतंच अवघड आहे, करून बघा. रोज त्याचा हात सुधारत गेला, आणि रोज तो सांगायचा की हे मी आधी कधीच केलेलं नाही. म्हणजे "काय घडलं" याची आठवण आणि "कसं करायचं" याची आठवण मेंदूत एका जागी नाहीत. हे कळायला एका माणसाचं उभं आयुष्य खर्ची पडलं. वर्गात ही केस ऐकली तेव्हा नेहमी बडबडणारी शेवटची बाकंसुद्धा गप्प होती.

विकासात्मक मानसशास्त्र जन्मापासून म्हातारपणापर्यंत माणूस कसा बदलतो ते पाहतं. पियाजेचा पाण्याचा प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकला असेल. बुटक्या ग्लासातलं पाणी उंच ग्लासात ओतलं की चार वर्षांचं पोर म्हणतं, पाणी वाढलं. पण ही ब्रँच फक्त लहान मुलांची नाही. २००० साली जेफ्री आर्नेट यांनी १८ ते २५ या वयाला वेगळं नाव दिलं, एमर्जिंग अ‍ॅडल्टहुड. ना धड मोठे, ना धड लहान, शिक्षण चालू, पैसे घरचे, आणि "पुढे काय?" हा प्रश्न डोक्यावर. वाचल्यावर वाटलं, यांनी आमच्या होस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर राहूनच लिहिलंय की काय!

शैक्षणिक मानसशास्त्र आणि मानसमापन यांच्याबद्दल थोडक्यात. बुद्धीची पहिली कामाची चाचणी १९०५ मध्ये पॅरिसला आल्फ्रेड बिने यांनी केली, आणि ती हुशार मुलं निवडायला नव्हती, तर शाळेत ज्यांना जास्त मदत लागेल ती मुलं ओळखायला होती. व्ही. व्ही. कामतांनी तिचं मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतर केलं. ती बिने-कामत चाचणी म्हणून ओळखली जाते. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीत १९६२ पासून हुशार मुलांची निवड चाचण्यांवर होते, तिचे संस्थापक आप्पा पेंडसे हे मानसशास्त्राचेच डॉक्टरेट. प्लेसमेंटच्या सीझनमध्ये एक सांगून ठेवते. इंटरनेटवर जी चार इंग्रजी अक्षरांत तुमची पर्सनॅलिटी सांगणारी टेस्ट फिरते, ती तयार करणाऱ्या मायलेकी मानसशास्त्र शिकलेल्या नव्हत्या. तीच टेस्ट काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर पुष्कळ जणांची अक्षरं बदलतात. त्यावरून स्वतःचं करिअर ठरवू नका, आणि रूम पार्टनर तर मुळीच नको.

सामाजिक मानसशास्त्र म्हणजे माणूस एकटा असताना कसा वागतो आणि चारचौघांत कसा वागतो, यातला फरक. होस्टेलमध्ये राहणाऱ्याने ही ब्रँच कंपल्सरी शिकावी असं माझं मत आहे. स्टॅनफर्डचा तुरुंगाचा प्रयोग (१९७१) सिनेमांमुळे सगळ्यांना माहीत आहे. विद्यार्थ्यांपैकी काहींना पहारेकरी केलं, काहींना कैदी. दोन आठवड्यांचा प्रयोग सहा दिवसांत थांबवावा लागला. पण पहारेकऱ्यांना कडक वागायच्या सूचना आधीच मिळाल्या होत्या असं पुढे कागदपत्रांतून दिसलं, त्यामुळे "सत्ता मिळाली की माणूस आपोआप राक्षस होतो" हा त्याचा निष्कर्ष आज कोणी डोळे मिटून मान्य करत नाही. मला हे रॅगिंगच्या संदर्भात फार महत्त्वाचं वाटतं. "होस्टेलची हवाच तशी असते हो" असं म्हणता येत नाही. कोणीतरी वरून मान डोलावलेली असते. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, यूजीसीचे नियम २००९ पासून. तरी ते पोस्टर दरवर्षी नव्याने लावावं लागतं.

याहून मला हललं ते डार्ली आणि लताने यांच्या १९६८ च्या प्रयोगाने. कॉलेजचे विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून माइकवर गप्पा मारताहेत. बोलता बोलता एकाला फिट आल्याचा आवाज येतो (तो रेकॉर्ड केलेला असतो). ज्यांना वाटत होतं की हे फक्त मीच ऐकतोय, त्यांच्यातले ८५ टक्के फिट संपायच्या आत मदतीसाठी उठले. ज्यांना वाटत होतं की आणखी चार जण ऐकताहेत, त्यांच्यातले फक्त ३१ टक्के. बाकीचे निर्दय नव्हते. प्रयोगानंतर त्यांचे हात थरथरत होते. प्रत्येकाला वाटलं, दुसरं कोणीतरी गेलंच असेल.

आता आपला होस्टेलचा ग्रुप आठवा. शंभर-सव्वाशे मेंबर. रात्री दीड वाजता कोणीतरी लिहितं, "सगळ्याचाच कंटाळा आलाय." पन्नास जणांनी वाचल्याची खूण दिसते. दोघं हसरा चेहरा टाकतात, आणि संपलं. अशा वेळी ग्रुपवर उत्तर देऊ नये, सरळ त्या दारावर जाऊन टकटक करावं. आणि मदत मागायची वेळ आपल्यावर आली तर "कोणीतरी या" न म्हणता नाव घेऊन "स्नेहा, तू ये" असं म्हणावं. या प्रयोगातून निघणारी ही सगळ्यात साधी गोष्ट.

गुन्हे आणि न्यायालयाशी संबंधित ब्रँच म्हणजे न्यायवैद्यक मानसशास्त्र. टीव्हीमुळे तिला फार ग्लॅमर आहे, पण तिचा रोजचा विषय साधा आहे, साक्षीदाराच्या आठवणीवर विश्वास किती ठेवायचा. एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७४ मध्ये गाड्यांच्या टकरीची फिल्म दाखवून वेग विचारला. प्रश्नात "आदळल्या" हा शब्द असला की लोक ताशी ४०.८ मैल सांगत, "लागल्या" असला की ३४. फिल्म तीच! नार्को टेस्टचं म्हणाल तर, माणसाच्या संमतीशिवाय ती करता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय. खेळाचं मानसशास्त्र, आरोग्य मानसशास्त्र, प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास, अशा आणखी कितीतरी गल्ल्या आहेत. त्या सोडून मी आता आपल्या घरच्या ब्रँचकडे येते.

औद्योगिक मानसशास्त्र निवड, ट्रेनिंग, थकवा, बॉसशी जमणं-न जमणं हे पाहतं. एम.बी.ए.ला जाणारे ते शिकतीलच. पण त्याला लागून अभियांत्रिकी मानसशास्त्र नावाची ब्रँच आहे, हे मला तिसऱ्या वर्षापर्यंत कोणीच सांगितलं नव्हतं! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमानं धावपट्टीवर उतरल्यावर अचानक पोटावर बसायची. पायलटने चाकं आत ओढून घेतलेली असायची. चौकशीत लिहिलं जायचं, "वैमानिकाची चूक." अल्फोन्स चापानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने जाऊन कॉकपिट पाहिलं. चाकांचा आणि पंखांच्या फ्लॅप्सचा, दोन्ही कंट्रोल शेजारी शेजारी आणि एकसारखे. थकलेला माणूस फ्लॅप्स समजून चाकं ओढत होता. चापानिसने चाकांच्या कंट्रोलला छोटं रबरी चाक लावलं आणि फ्लॅप्सच्या कंट्रोलला पाचरीसारखा तुकडा. हाताला न बघता कळू लागलं, आणि अपघात थांबले. आजही प्रवासी विमानात लँडिंग गिअरच्या दांडीला चाकाच्या आकाराची मूठ असते. १९४७ मध्ये फिट्स आणि जोन्स यांनी वैमानिकांच्या अशा ४६० "चुका" तपासल्या. त्यांना दिसलं की पुष्कळशा चुकांची मुळं माणसात नव्हती, यंत्राच्या मांडणीत होती.

दुसरं उदाहरण खास आमच्या ब्रँचचं. २८ मार्च १९७९, अमेरिकेतलं थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्र. एक रिलीफ व्हॉल्व्ह उघडला आणि बंद व्हायच्या वेळी अडकला. थंड ठेवणारं पाणी बाहेर जात राहिलं. पॅनेलवरचा दिवा मात्र सांगत होता की व्हॉल्व्ह बंद आहे. का? तर तो दिवा व्हॉल्व्हच्या स्थितीला जोडलेलाच नव्हता, बंद होण्याच्या आज्ञेला जोडलेला होता! हुकूम दिला म्हणजे काम झालं, असं त्या पॅनेलचं म्हणणं. पहिल्या काही मिनिटांत शंभरावर अलार्म एकदम वाजत होते, आणि त्यातून महत्त्वाचा कुठला हे माणसाने ओळखायचं. अणुभट्टीचा गाभा जवळपास अर्धा वितळला. आपल्या व्हायवात "लिमिट स्विच कुठे लावाल?" हा प्रश्न विचारतात तेव्हा आपण हसतो. मला आता हसू येत नाही.

एवढं लांब कशाला? आपल्या ड्रॉइंग हॉलचा स्विचबोर्ड बघा. एका ओळीत बारा बटणं, आणि तुमच्या डोक्यावरचा पंखा कुठल्या बटणाचा हे देवालाच ठाऊक. सर येतात, सगळी बटणं एकदा दाबतात, अर्धा वर्ग अंधारात जातो, आणि शिव्या वायरमनला. पंखे छतावर ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने बटणं लावली असती तर? डोनाल्ड नॉर्मन यांनी रोजच्या वस्तूंच्या डिझाइनवर १९८८ मध्ये एक अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात नेमका हाच मुद्दा आहे.

आता शेवटची आणि सगळ्यात गैरसमज असलेली ब्रँच, चिकित्सा मानसशास्त्र म्हणजे क्लिनिकल. इथे मी एका मैत्रिणीबद्दल लिहिणार आहे. तिने हे लिहायला परवानगी दिली आहे, नाव मात्र लिहू नको म्हणाली. गेल्या वर्षी ऑगस्टपासून ती मेसला यायची बंद झाली. दुपारी दोनला उठायची, आंघोळ नाही, जर्नलं कोरी. आधी आम्ही सगळ्या तिला आळशी म्हणालो. मग अटेंडन्सवरून घरी पत्र गेलं. मामा तिला गावी घेऊन गेले आणि एका देवऋष्याकडे उतारा केला. मग फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासलं, लोहाच्या गोळ्या दिल्या. (तपासणं बरोबरच होतं, थायरॉइड किंवा हिमोग्लोबिन कमी असलं तरी असं होतं.) मग कोणीतरी तिला एका हॉटेलच्या हॉलमध्ये पॉझिटिव्ह थिंकिंगच्या दोन दिवसांच्या शिबिरात बसवलं, फी तीन हजार. तिथे सगळ्यांनी उभं राहून "आय अ‍ॅम अ विनर" असं ओरडायचं होतं. ती म्हणाली, "अगं, मला तेव्हा उभं राहायचीसुद्धा ताकद नव्हती." जानेवारीत जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मनोविकारतज्ज्ञांनी तिला नीट विचारपूस करून डिप्रेशन आहे असं सांगितलं, गोळ्या सुरू केल्या आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञांकडे थेरपीला पाठवलं. केस पेपरचे पैसे शिबिराच्या फीपुढे काहीच नव्हते. वर्ष गेलं, पण ती परत आली आहे. या चार-पाच महिन्यांत तिला कोणीच वाईट भेटलं नव्हतं. सगळे आपापल्या परीने मदतच करत होते, फक्त ब्रँच चुकत होती.

म्हणून नीट सांगते. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट, हे आधी एम.बी.बी.एस. झालेले आणि मग मनोविकारशास्त्रात एम.डी. किंवा डिप्लोमा केलेले डॉक्टर. औषध तेच लिहून देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात, थेरपी करतात, औषध देत नाहीत. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, नंबर विचारायला लाजू नका. समुपदेशक म्हणजे काउन्सेलर. अभ्यास, घरची भांडणं, ब्रेकअप, होमसिक होणं, कुठलं करिअर, अशा रोजच्या पण जड झालेल्या गोष्टी त्यांच्याशी बोलायच्या, आणि मामला मोठा असेल तर ते पुढे पाठवतात. समुपदेशनाचे कोर्स मात्र काही दिवसांपासून दोन वर्षांपर्यंत कसेही असतात, तेव्हा शिक्षण काय झालंय हे विचारावं. भाषण देणारे मोटिव्हेशनल सर यांपैकी कोणीच नाहीत.

थेरपी म्हणजे गोड गोड बोलणं असंही नाही. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमाराला एक पद्धत मांडली, आणि महाराष्ट्रात ती कि. मो. फडके यांनी आणली. एलिस यांच्याशी त्यांचा अनेक वर्षं पत्रव्यवहार होता. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या आय.पी.एच. या संस्थेतही तिचा भरपूर वापर होतो. (ठाण्याला जायचं हे दुसरंही कारण असू शकतं बरं का!) पद्धत साधारण अशी. केटी लागली, ही घटना. रात्रभर झोप नाही, घरचा फोन उचलवत नाही, हा परिणाम. आपल्याला वाटतं घटनेमुळे परिणाम झाला. एलिस म्हणतात, मध्ये एक वाक्य आहे, ते शोधा. "मी नापास होताच कामा नये, झालो तर मी शून्य." आता या वाक्याची आपल्या सबमिशनसारखी तपासणी करायची. पुरावा काय? एका विषयाने माणूस शून्य कसा होतो? नापास झाल्याचं वाईट वाटणारच, ते वाटू द्यायचं. ती "शून्य" पर्यंतची उडी तेवढी खोडायची. मैत्रीण सांगते की हे वहीत लिहून करावं लागतं, आणि पहिले तीन आठवडे ते मूर्खपणाचं वाटतं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांबद्दलच्या गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असणं यासारख्या, कायद्यात दिलेल्या ठराविक कारणांसाठीच अपवाद होतो. पैसे किंवा ओळख नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानस नंबर २०२२ पासून आहे. फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलतात.

राहता राहिला आपला काउन्सेलिंग सेल. २०२५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असायला हवा. आपल्याकडे मॅडम आहेत, आणि चांगल्या आहेत. पण त्या बुधवारी दोन ते चार बसतात, म्हणजे नेमक्या प्रॅक्टिकलच्या वेळी. खोली परीक्षा विभागाच्या समोर आहे, जिथे फॉर्म भरणाऱ्यांची कायम रांग असते. दारात उभं राहिलं की अख्ख्या रांगेला कळतं, कोण आत चाललंय. सेलकडे मुलं येत नाहीत असं एका मीटिंगमध्ये म्हटलं गेल्याचं आमच्या प्रतिनिधीने सांगितलं. चापानिसने आधी ते दार पाहिलं असतं! रेक्टर मॅडम आणि स्टाफला विनंती आहे की वेळ संध्याकाळी सहानंतरची करावी, आणि खोली लायब्ररीच्या मागच्या जिन्याजवळ द्यावी. तिथली जुनी रीडिंग रूम गेलं वर्षभर रिकामी आहे, किल्ली शिपाईमामांकडे असते.